आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या घरात ‘फायरमन’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याचा अर्थ आजच्या नेमका उलटा होता. माझे आजोबा जी. आय. पी. रेल्वेत फायरमन होते. बोरघाटाच्या चढावर गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर त्यांनी उमेदीची वर्षे काढली. फायरमन म्हणजे आग पेटती ठेवणारा. भट्टीचे दार उघडायचे, फावड्याने कोळसा आत नेमका पसरायचा, दार लावायचे आणि वाफेच्या काट्यावरची नजर हलू द्यायची नाही. भट्टी थंडावली तर गाडी घाटात अडकणार, ही त्यांची भीती. आज त्याच घाटात त्याच नावाची नोकरी करणाऱ्या माणसाची भीती बरोबर उलट आहे.

हा उलटफेर माझ्या ध्यानात आला तो एका विद्यार्थ्यामुळे. मावळातल्या एका शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर एके दिवशी बाजारात एक जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करून म्हणाला, “सर, फायरमन झालोय.” कुठल्या नगरपालिकेत, ते इथे सांगण्याचे कारण नाही. त्याच्यामुळे मी त्याच्या केंद्रावर अधूनमधून जाऊन बसू लागलो. तिथल्या चहाबरोबर जे ऐकले, पाहिले, त्यातून इतिहासाच्या माणसाला पडणारा प्रश्न मला पडला. ही नोकरी आली कुठून? ती कोणासाठी निर्माण झाली? आणि मावळासारख्या मुलखात ती करणाऱ्याच्या वाट्याला काय येते?

बंब शहराचा

आग विझवणे हे माणसाचे जुने काम; आग विझवण्याची नोकरी मात्र अगदी अलीकडची. 27 फेब्रुवारी 1828 रोजी पुण्यात शनिवारवाड्याला आग लागली. ती सात दिवस जळत होती असे सांगतात. सात मजली वैभवाच्या कथा ज्या वाड्याबद्दल सांगितल्या जातात, त्याचा तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. त्या वेळी पुण्यात माणसे होती, विहिरी होत्या, हौद होते. पण आग विझवणे हेच ज्याचे काम आणि त्याचाच ज्याला पगार, असा माणूस नव्हता.

असा माणूस युरोपातही नवाच होता. लंडनमध्ये विमा कंपन्यांनी आपापली दले ठेवली होती, कारण जळणाऱ्या मालाचे पैसे त्यांनाच भरावे लागत. जून 1861 मध्ये थेम्सच्या काठी टूली स्ट्रीटवरच्या वखारी पेटल्या. त्या आगीत लंडनच्या दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवूड भिंत अंगावर कोसळून मेला. नुकसान इतके प्रचंड होते की कंपन्यांनी हात टेकले आणि 1866 मध्ये सार्वजनिक खर्चाचे अग्निशमन दल उभे राहिले. म्हणजे या नोकरीच्या मुळाशी शहर आहे, बंदर आहे आणि वखारीतला माल आहे.

मुंबईतही तसेच घडले. आधी आगीचे काम पोलिसांकडे होते. 1887 साली घोड्यांनी ओढायच्या बंबांसह नियमित दल सुरू झाले आणि ते महापालिकेच्या कारभाराचा भाग बनले. कापसाच्या गासड्या, गिरण्या, गोद्या, लाकडी जिन्यांच्या चाळी हे त्याचे क्षेत्र. ‘बंब’ हा शब्द मराठीत चांगलाच रुळला. आंघोळीचे पाणी तापवणाराही बंब आणि आग विझवणाराही बंबच. फायरमनप्रमाणे त्यानेही दोन्ही बाजू सांभाळल्या.

त्याच सुमारास लोणावळ्याला आगीची चिंता वेगळी होती. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. 37 फुटांत एक फूट चढणारा तो मार्ग होता. इंजिनांना पाणी हवे म्हणून रेल्वेने इंद्रायणीवर भुशीचे धरण बांधले. आज पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर भिजायला गर्दी उसळते. पण ते पाणी मुळात आग पेटती ठेवण्यासाठी अडवलेले होते. 1929-30 च्या सुमारास घाटातली मुख्य वाहतूक विजेवर गेली. 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी धावू लागली, तीही विजेच्या इंजिनावर. आजोबांची बदली झाली, फावडे हातातून गेले. ते पुढे अनेक वर्षे जगले, पण ‘तेव्हा मी फायरमन होतो’ असे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, हे मला आठवते.

14 एप्रिल

माझ्या विद्यार्थ्याच्या केंद्रावर 14 एप्रिलला सकाळी परेड असते. त्या दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि 20 एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. आपल्याकडे ही तारीख डॉ. आंबेडकर जयंतीची म्हणून ओळखली जाते, ते योग्यच आहे. पण तिचा हा दुसरा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो.

1944 च्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ हे मालवाहू जहाज कराचीहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. त्यावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही होत्या. युद्धाच्या धामधुमीत एरवी कोणी शेजारी ठेवली नसती अशी चीजवस्तू एका पोटात आली. 14 तारखेला दुपारी तळघरातून धूर दिसू लागला. बंब आले. जवानांनी तासन्‌तास पाणी मारले, पण आगीचे मूळ सापडेना. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की तिथेच विझवावे, याचा निर्णय अधिकाऱ्यांत होईना. संध्याकाळी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मुंबईच्या दलाचे 66 जवान त्या दिवशी मेले. एकूण मृतांची संख्या शेकड्यांत होती, घरे गेलेल्यांची हजारांत. युद्धकालीन निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना सविस्तर बातमी छापता आली ती मे महिन्यात.

या घटनेकडे मी बरीच वर्षे एका भीषण अपघाताची कथा म्हणून पाहत होतो. केंद्रावर बसू लागल्यावर त्यातली दुसरी गोष्ट दिसली. निर्णय घेणारे वेगळे होते आणि पाइप धरून उभे असणारे वेगळे. जहाजात काय भरले, ते कुठे लावले, लाल बावटा लावला की नाही, यातले काहीही त्या 66 जणांच्या हातात नव्हते. इतरांनी घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयाच्या टोकाला उभे राहणे हा या नोकरीचा गाभा आहे. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबईच्या दलाने चार अधिकारी गमावले: सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. दलाचा प्रमुख स्वतः आत होता, हे विसरू नये. इमारत किती जीर्ण आहे, जिन्यात काय साठवले आहे, हे मात्र त्यांनी ठरवले नव्हते.

वर्दी

अग्निशमन दलाच्या मराठीत आगीच्या खबरेला ‘वर्दी’ म्हणतात. पोलिसांची वर्दी अंगावर असते, यांची वर्दी फोनवर येते. वर्दी आली की तिची वेळ, ठिकाण, कळवणाऱ्याचा क्रमांक नोंदवहीत लिहायचा आणि एका मिनिटाच्या आत गाडी फाटकाबाहेर काढायची.

ही नोकरी मिळवायची कशी, असे मी विद्यार्थ्याला विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, “सर, आधी उंची मोजतात.” दहावी उत्तीर्ण, साधारणतः 165 सेंटिमीटर उंची, 50 किलो वजन, छाती 81 आणि फुगवून 86, असे पुरुषांसाठीचे मोजमाप. मग धावणे, शिडी चढणे, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणे. सहा महिन्यांचा फायरमनचा अभ्यासक्रम. पुढे अधिकारी व्हायचे तर नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते 1956 मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. त्याच महाविद्यालयात 2002 मध्ये हर्षिणी कान्हेकर यांना प्रवेश मिळाला. देशातील पहिली महिला अग्निशामक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. फायरमन, लीडिंग फायरमन, सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर अशी पायरी. कागदावर ती सरळ दिसते. प्रत्यक्षात अनेक छोट्या गावांत वरच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात आणि खालची माणसे ठेक्यावर असतात. माझा विद्यार्थीही सुरुवातीची काही वर्षे ठेक्यावरच होता. आग कायमच्या माणसाला आणि ठेक्याच्या माणसाला वेगवेगळी भाजत नाही, एवढेच तो त्यावर बोलला.

मी विचारले, “भीती वाटते का रे?” तो म्हणाला, “आगीची नाही वाटत, सर. पाणी संपायची वाटते.” साध्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी असते. ऐकायला पुष्कळ वाटते. दोन पाइप पूर्ण दाबाने चालवले की सहा-सात मिनिटांत टाकी कोरडी. शहरात जवळ हायड्रंट असतो, टँकर धावतात. गावात विहीर शोधावी लागते, ती सापडली तर बंब तिच्यापर्यंत जावा लागतो. धुरात शिरताना पाठीवर हवेचा सिलिंडर असतो. तो अर्धा-पाऊण तास पुरतो आणि हवा संपत आली की शिटी वाजू लागते. “ती शिटी ऐकून मागे फिरायचं, हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो,” तो म्हणाला. “आत कोणी आहे असं वाटत असतं ना.”

उडवी

आता मावळाकडे वळतो. 1980 च्या दशकातली गोष्ट. नाणे मावळातल्या आमच्या मूळ गावी काकांची भाताची उडवी पेटली. कापणी होऊन झोडपणी राहिली होती. वर्षाचे पीक आणि जनावरांची वैरण एकत्र रचलेली. अख्खा गाव हंडे-कळश्या घेऊन धावला. कोणी सायकलवरून शहराकडे बंबासाठी गेला. बंब आला तेव्हा राखेतून वाफ येत होती. बंबावरची माणसे खाली उतरली, त्यांनी राखेवर पाणी मारले आणि मान खाली घालून उभी राहिली. काका त्यांच्यावर ओरडले नाहीत. चुलती मात्र म्हणाली, “आग रामेश्वरी अन्‌ बंब सोमेश्वरी.” ती म्हण मला त्या दिवशी समजली.

दोष त्या माणसांचा नव्हता, हे कळायला मला कायदा वाचावा लागला. नगरपालिकांच्या 1965 च्या अधिनियमात आग विझवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांचे 18 विषय आहेत. त्यांत सातवा विषय अग्निशमन सेवा. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. शेती, रस्ते, बाजार, जत्रा सगळे आहे, अग्निशमन नाही. टूली स्ट्रीटच्या वखारींपासून चालत आलेली कल्पना राज्यघटनेपर्यंत तशीच पोचली: बंब शहराचा. गावाला आग लागू शकते, हे जणू कोणाच्या ध्यानातच आले नाही. शहराचा बंब गावात जातो, तो माणुसकीने आणि वरिष्ठांच्या हुकमाने.

डोंगरांचे तर त्याहून वेगळे. फेब्रुवारीपासून मावळातल्या डोंगरांवर गवत वाळते आणि वणवे लागतात. वन खाते जाळरेषा काढते, म्हणजे पट्ट्यातले गवत आधीच जाळून आगीची वाट तोडते. तिथे बंब पोचत नाही. गावकरी, वनरक्षक आणि गडांवर जाणारी पोरे ओल्या फांद्यांनी झोडपून आग मारतात. त्यांना कोणी फायरमन म्हणत नाही.

आणि गेल्या पंचवीस वर्षांत मावळात तिसरीच आग आली. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात कारखाने आले. रात्रंदिवस रसायनांचे टँकर घाट चढतात-उतरतात. 13 जून 2023 रोजी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर एक टँकर उलटला आणि पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले, खालून जाणारी वाहने पेटली. 4 जण गेले. पुलावर आग, पुलाखाली आग, दोन्हीकडे अडकलेली वाहने आणि त्यांतून वाट काढणारे बंब. लोणावळ्याबरोबर आजूबाजूच्या सगळ्या यंत्रणा धावल्या.

अशा आगीला नुसते पाणी उपयोगाचे नसते. तेलावर पाणी मारले तर तेल तरंगून आग पसरते. अल्कोहोलच्या जातीचे द्रव साध्या फेसालाही दाद देत नाहीत, तो फेस विरघळवून टाकतात. त्यांच्यासाठी वेगळा फेस लागतो. मिथेनॉलची ज्वाळा तर भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून टँकरजवळ जाण्याआधी त्यावरची पाटी वाचावी लागते, आत काय आहे ते ओळखावे लागते. गवताची गंजी विझवायला भरती झालेल्या माणसाला आता रसायनशास्त्र यावे लागते. खोपोली ते कुसगाव या नव्या मार्गातला एक बोगदा सुमारे 9 किलोमीटर लांब आहे आणि तो लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. बोगद्यातली आग ही आणखी निराळी विद्या. जहाजात काय भरायचे हे जसे 66 जणांना कोणी विचारले नव्हते, तसे घाटातून काय न्यायचे हे माझ्या विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही.

विमोचक

हल्लीच्या जाहिरातींत या पदाला ‘अग्निशमन विमोचक’ असे नाव असते. विमोचक म्हणजे सोडवणारा. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते सरकारी अवडंबर वाटले. केंद्राची नोंदवही पाहिल्यावर मत बदलले. आगीच्या वर्दीइतक्याच दुसऱ्या वर्दी असतात: झाड पडले, गाय विहिरीत पडली, गाडी दरीत गेली, लिफ्टमध्ये माणूस अडकला, मुलगा पाण्यात बुडाला.

30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. 4 जण मेले. अशा वेळी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळासारख्या संस्थांतले स्वयंसेवक दोर घेऊन उतरतात. ते दुसऱ्या दिवशी आपापल्या दुकानात, कामावर जातात.

मावळाचा नकाशा समोर ठेवला की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5 वी बटालियन आहे. लोणावळ्यात 1945 पासून नौदलाचे ‘शिवाजी’ आहे; तिथे जहाजावरची आग कशी विझवायची आणि फुटलेले जहाज कसे तगवायचे, हे नौसैनिकांना शिकवतात. देशभर आणि समुद्रावर जाऊन लोकांना वाचवणारी माणसे या एका तालुक्यात घडतात. तरीही आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या एखाद्या वाडीत गोठा पेटला तर पहिला अर्धा तास तिथल्या लोकांचाच असतो. बंब पूर्वीपेक्षा लवकर येतो, केंद्रे वाढली आहेत, रस्ते सुधारले आहेत. पण अंतर ही गोष्ट अजून कोणाच्याच कर्तव्यात नीट लिहिलेली नाही.

2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2008 च्या डिसेंबरात अमलात आला. इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, असा त्यात नियम आहे. म्हणजे आग लागण्याआधीची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कलम वाटतो, कारण तो पाइप धरणाऱ्याच्या आधी निर्णय घेणाऱ्याला गाठतो. तो कागदावरून जिन्यापर्यंत उतरला, तर नोंदवहीतल्या काही वर्दी लिहाव्या लागणार नाहीत.

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळाचा डबा घेऊन केंद्रावर गेलो. दिवाळीत त्यांच्या रजा बंद असतात. बाण गच्चीवर पडतो, भंगाराच्या दुकानावर पडतो. खुंटीवर पोशाख तयार, गाडीची दारे उघडी. माझ्या विद्यार्थ्याने बंबाच्या चाकापुढे पणती लावली होती आणि तिच्याशेजारी पाण्याची बादली ठेवली होती. मी आजोबांच्या इंजिनाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे सर, तुमच्या घरातली नोकरी मी उलटी करून पूर्ण करतोय.” चकलीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि फोन वाजला. एक जण नोंदवहीकडे धावला. “कुठं?” “वाडीवर. गंजी.” गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मी घड्याळ पाहिले; पन्नास सेकंदही झाले नव्हते. वाडी तिथून चौदा किलोमीटरवर आहे, ते मला माहीत होते. डबा झाकून मी त्यांची वाट पाहत बसलो.